सामुदायिक भाजीबाग, उन्हाळा: कामाच्या नोंदी

२ मार्च

थंडीची पिकं संपली. कोबीचे बुंधे उपटून झाले, पालक फुलावर आलाय तो बियांसाठी एका कोपऱ्यात सोडलाय. एकूण २० वाफे आहेत, प्रत्येक साधारण १.२ मीटर बाय ६ मीटर. आजच्या मीटिंगमध्ये वाद एकच, उन्हाळ्यात किती वाफे चालू ठेवायचे. बहुतेकांचं म्हणणं सगळेच ठेवू, माणसं आहेत की भरपूर.

माणसं आहेत पण पाणी? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हाळ्यात भरलेल्या वाफ्यातून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर सहज उडून जातं. आमचा वाफा ७.२ चौरस मीटरचा, म्हणजे एका वाफ्याला रोजचे ४५ ते ५५ लिटर आणि २० वाफ्यांना हजार. टाकी हजार लिटरची आहे पण ती रोज काठोकाठ भरेल असं कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शेवटी ९ वाफे लावायचे ठरले, बाकीच्या ११ वर सुका पालापाचोळा जाड पसरून ठेवायचा. दोघंजण नाराज होऊन गेले, त्यांचे ठरलेले वाफे त्या ११ मध्ये होते. पुढच्या वर्षी ही चर्चा जानेवारीतच उरकायला हवी, रोपं हातात घेऊन उभ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं.

पिकं: भेंडी, गवार, चवळी, दुधी, दोडका, काकडी, लाल माठ. एका काकांच्या हट्टापायी अर्धा वाफा टोमॅटो.

९ मार्च

पेरणी. भेंडीचं बी रात्रभर भिजवलेलं, दोन रोपांत ३० सेंटीमीटर आणि ओळींत ४५. गवार, चवळी कोरडीच टोकली. वेली वाफ्याच्या कडेला, आळं करून.

१५ मार्च

भेंडी जेमतेम निम्मी उगवलीय. बी वाईट नव्हतं, उकरून बघितलं तर कोंब आतल्या आत वाकडे झालेले. झारीने जोरात पाणी पडलं, त्यावर ऊन, मातीवर पापडी धरली आणि कोंबाला ती फोडता आली नाही. परत टोकलं, यावेळी ओळीवर चाळलेलं कंपोस्ट आणि वर ओलं गोणपाट. गोणपाटाची अट एकच, पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं. काढायचं राहिलं तर तिथली रोपं पिवळी आणि लांबडी होतात, दोऱ्यासारखी. ती सावरणार नाहीत, सरळ उपटून नवीन बी टाकणे.

१९ मार्च

ड्रिप. यात सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी लॅटरल (वाफ्यात पसरलेली पाण्याची बारीक नळी) १६ मिलिमीटरची, दर ३० सेंटीमीटरला ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड), ड्रिपरवर लिहिलंय तासाला ४ लिटर. मागच्या टीमने तीन तीन वाफे एकाच लॅटरलवर नागमोडी जोडलेले. चालू केलं तर पहिल्या वाफ्यात चिखल आणि तिसरा ठणठणीत कोरडा. सगळ्यांचं निदान: ड्रिपर चोक झालेत. मग दोन संध्याकाळी सुई घेऊन भोकं साफ करण्यात गेल्या, हे करू नका, भोक मोठं होतं आणि तो ड्रिपर कायमचा बिघडतो.

खरं कारण प्रेशर. ते ४ लिटर साधारण १ किलो प्रेशरला मिळतात, त्यासाठी टाकी १० मीटर उंच हवी. आमची टाकी दीड मीटरच्या स्टँडवर. तेवढ्या उंचीला तोच ड्रिपर तासाला दीड लिटरच्या आसपास देतो, आणि पाईप लांबत गेला की तेही नाही. तपासायचं असेल तर पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवायची आणि बरोबर १० मिनिटं थांबायचं. पहिल्या वाटीत पाव लिटर आलं, शेवटच्या वाटीचा तळ फक्त ओला झाला.

मग सगळं तोडलं. टाकीपासून ३२ मिलिमीटरचा मुख्य पाईप, प्रत्येक वाफ्याला स्वतंत्र कॉक, वाफ्यात ६ मीटरच्या दोनच लॅटरल, आणि एकावेळी तीनच वाफे चालू. एका वाफ्यात ४० ड्रिपर गुणिले दीड लिटर म्हणजे तासाला ६० लिटर, म्हणजे वाफ्याची रोजची गरज तासाभरात भागते. वाटी टेस्ट परत केली, पुढच्या मागच्यात आता थोडाच फरक आहे. टाकीनंतर लगेच जाळीचा फिल्टर लावलाय, आठवड्यातून एकदा लॅटरलच्या टोकाचं झाकण (एंड कॅप) उघडून पाणी जोरात सोडायचं, पहिल्यांदा सोडलं तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी आणि क्षाराचे पांढरे कण आले.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा या कॉकचा आणि ३२ च्या पाईपचा. वर्गणी काढावी लागली. पण पूर्ण उन्हाळ्यात एक खर्च करायचा म्हटलं तर मी हाच करेन.

२८ मार्च

टाकी सकाळी रिकामी. रात्रभर एक कॉक चालू राहिला. गवारीचा वाफा तळं झालाय आणि बाकी आठ कोरडे.

कोणाचा दोष हे शोधण्यात ग्रुपवर दिवसभर गेला. मुळात त्या दिवशी पाणी कोणाकडे होतं हेच ठरलेलं नव्हतं. 'संध्याकाळी कोण जाणार?' या मेसेजला चार अंगठे आले होते, चारही जणांना वाटलं दुसरा जाईल, एक काकू सातला जाऊन कॉक उघडून आल्या आणि बंद करायला कोणीतरी असेलच असं समजून घरी गेल्या. बारभाईंचा कारभार.

२९ मार्च

नवीन पद्धत. वाराप्रमाणे एक माणूस, सोमवार म्हटलं की एकच नाव. त्याच्यापुढे बदलीचं एक नाव. आपल्याला जमणार नसेल तर बदलीला फोन करायचा, ग्रुपवर विचारायचं नाही. कॉक उघडला की मोबाईलला तासाचा अलार्म. आणि निघताना कॉकच्या दांड्यांचा एक फोटो ग्रुपवर, दांडी पाईपला आडवी म्हणजे बंद, पाईपच्या रेषेत म्हणजे चालू. बाकी काही लिहायचं नाही, गुड मॉर्निंग तर अजिबात नाही.

टाकीच्या स्टँडला सुतळीने एक वही बांधलीय. तारीख, कोणते वाफे, किती वेळ, काय दिसलं. दोन दिवसांतच काहींना हे फार सरकारी वाटायला लागलंय. वाटू दे.

६ एप्रिल

मल्चिंग, म्हणजे मातीवर पाला अंथरणं, पूर्ण. सुका पाला ७-८ सेंटीमीटर जाड. पहिल्या दिवशी नुसता पसरला तो वाऱ्याने शेजारच्या रस्त्यावर, आम्ही लोकांची बोलणी खाल्ली. आता पाला आधी पायाने तुडवून बारीक करायचा, वाफ्यावर टाकून झारीने भिजवायचा, तो बसतो मग हलत नाही. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. गवारीच्या दोन ओळींत ती सोडली नव्हती तिथे पाल्याखाली वाळवीची मातीची नळी बुंध्यावर चढलेली सापडली.

पाल्याने फरक किती पडतो ते हात घालूनच बघा. उघड्या मातीत दुपारी बोट ठेववत नाही, पाल्याखाली माती गार आणि ओलसर. पाण्याचा वेळ वाफ्यामागे तासावरून पाऊण तासावर आणलाय, तरी खुरप्याने बोटभर खोल उकरलं तर वाफसा आहे, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही.

तोटा एक, ड्रिपची गळती दिसत नाही. खारीने लॅटरल कुरतडली होती ती चवळी सुकल्यावर कळलं. आता एक मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून कुंपणापाशी ठेवतोय, तेव्हापासून कुरतडणं कमी झालंय, त्याचमुळे का ते छातीठोक नाही सांगता येणार.

१२ एप्रिल

माठावर शेडनेट. फुकट मिळालेली ७५ टक्के सावलीची होती, माठ त्याखाली उंच, फिकट आणि लोळणारा झाला. ५० टक्क्यांची आणली, डोक्याच्या वर उंचीला बांधली. खाली बांधलेली नेट पानांना घासते आणि आत उकाडा कोंडतो.

टोमॅटोची फुलं गळतायत. काका रोज एक नवीन खत सुचवतात. खताचा प्रश्नच नाहीये, दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही गारवा नसला की परागकण निकामी होतात आणि फूल देठातून सुटतं. जी थोडी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग, तो पाणी कधी भरपूर कधी नाही अशाने येतो, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. २८ मार्चच्या आसपासचा घोळ या फळांवर दिसतोय.

२२ एप्रिल

दुधीला फळ का धरत नाही.

वेल मांडवभर पसरलाय, फुलं आहेत, मागे बोटाएवढे केसाळ दुधी आहेत आणि तीन-चार दिवसांत ते टोकाकडून पिवळे पडून सुकतात. दोन ताई रोज सकाळी आठला येऊन हाताने परागीकरण करत होत्या, अगदी मन लावून, ब्रश वगैरे घेऊन. काकडीला त्याचा उपयोग झाला, काकड्या लागल्यात. दुधीला शून्य.

दुधीचं फूल पांढरं असतं आणि ते संध्याकाळी उमलतं. त्याचं काम रात्री उडणारे पतंग करतात. सकाळी आठला त्या बिचाऱ्या मिटत आलेल्या फुलात ब्रश फिरवत होत्या. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं हे सकाळचे. कुठल्या वेलाचं फूल कधी उमलतं एवढं माहीत असलं तर निम्मी कटकट वाचते.

मग काल दिवेलागणीला गेलो. नर फूल लांब बारीक देठाचं, मागे काही नाही. मादी फुलाच्या मागे छोटा दुधी. नर फूल तोडून पाकळ्या मागे सोलायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवून फिरवायचा, तिथे तीन जाड चिकट पाळ्या असतात, पिवळी पूड तिन्हींवर दिसली पाहिजे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. ब्रश लागतच नाही. झालेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधला म्हणजे दुसरा माणूस परत तेच करत बसणार नाही.

सुरुवातीला नुसतीच नर फुलं येतायत म्हणून घाबरू नका, अशा बहुतेक वेलांचं तसंच असतं, आणि फार उकाड्यात नर फुलं वाढतात.

२६ एप्रिल

दोरा बांधलेले बहुतेक दुधी फुगायला लागलेत. पाण्याचा वार आपला नसताना पण लोक संध्याकाळी येतायत, दुधीचं फूल उमलताना बघायला. वहीत कोणीतरी लिहिलंय 'पाच वाजून पन्नास मिनिटांनी हललं'.

३० एप्रिल

काकडी आणि दोडक्याला फळमाशी. डंख मारलेल्या जागी डिंकाचा थेंब दिसतो, फळ तिथे वाकडं होतं, कापलं की आत पांढऱ्या अळ्या. पराग न मिळालेलं फळ सुकत जातं, हे मऊ पडून सडतं, दोन्हीत गल्लत होते म्हणून कापून बघणे.

एकाने सापळे आणून लावले, त्यात दोन दिवसांत माश्यांचा खच. सगळे खूश. काकड्या मात्र तितक्याच किडक्या. सापळ्यातली माशी ओढणारी गोळी आंब्याच्या फळमाशीची निघाली, मिथाईल युजेनॉलची. वेलवर्गीय भाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू ल्युर नावाचं वेगळं आमिष लागतं. म्हणजे आम्ही परिसरातल्या आंब्यांचं भलं करत होतो. गोळी बदलली.

क्यू ल्युरमध्येही फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी येत नाही. त्यामुळे नुसत्या सापळ्यावर भागत नाही, किडकं फळ बागेत राहता कामा नये. आमच्याकडे ती सगळी कंपोस्टच्या ढिगात जात होती! अळी फळातून निघून मातीत कोषात जाते आणि परत माशी होऊन बाहेर, ढीग म्हणजे तिचं पाळणाघर. आता किडकी फळं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून उन्हात. चांगल्या काकड्यांना फूल गळाल्यावर लगेच कागदी पिशवी. कंटाळवाणं काम आहे पण पिशवीतल्या काकड्या स्वच्छ निघतायत.

५ मे

सुट्ट्या. निम्मी माणसं गावाला. बदलीच्या यादीतलीही गेली, हे मार्चमध्ये डोक्यात यायला हवं होतं, मे महिन्याची यादी वेगळीच करावी लागते, आधी विचारून की कोण कधी इथे आहे.

पाणी कसंबसं निभावतंय. घोळ तोडणीचा झाला. नियम होता की रविवारी सगळी तोडणी करून सारखी वाटायची, मध्ये कोणी काही तोडायचं नाही. कागदावर फार न्याय्य. पण भेंडी दिवसाआड तोडावी लागते, रविवारची वाट बघत बसलो तर अर्ध्याच्या वर जून होते, वाकवली तर तुटत नाही. आणि जून भेंडी झाडावर राहिली की झाड बियांच्या मागे लागतं, नवीन फुलं कमी. रविवारी पाटीभर भेंडी निघाली आणि त्यातली बरीचशी कोणी घरी नेली नाही.

नवा नियम: त्या दिवशी ज्याचं पाणी, त्याची तोडणी, आणि तो तोडेल ते त्याचं. एका मावशींना हे अजिबात पटलं नाही, म्हणाल्या 'मग मंगळवारवाल्याला जास्त मिळालं तर?' मिळू दे ना. दुधी आणि काकडी अजून वाटून घेतो, त्या थांबतात एखादा दिवस. भेंडी, गवार, चवळी, माठ थांबत नाही. गंमत म्हणजे हा नियम झाल्यापासून पाण्याला दांडी मारणारे कमी झालेत, सगळ्यात कमी ज्यांच्या वारी भेंडी निघते त्यांच्यात.

१३ मे

दुपारी काकडीची पानं छत्रीसारखी खाली लोंबतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो. एक नवीन मुलगा भर दुपारी येऊन रबरी नळीने पाणी घालत होता, मनापासून. नळी उन्हात पडलेली, पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम, ते सरळ बुंध्यात. दोन वेल गेले.

दुपारची मरगळ म्हणजे तहान असेलच असं नाही, पानातून जितकं उडतं तितकं मुळं त्या वेळात ओढू शकत नाहीत. संध्याकाळी पान उभं राहिलं तर ठीक. सकाळीही लोंबलेलंच असेल तर मग काळजी. आणि पाणी घालण्याआधी खुरप्याने उकरून मूठभर माती दाबायची: गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर पाणी नको. फुटलाच नाही, चिकटून राहिला तर पाणी जास्त झालंय. एका काकडीच्या बुंध्याशी माती चिकट होती आणि मुळं तपकिरी, कुजट वासाची, तिला 'सुकलीय' म्हणून तीन जणांनी वेगवेगळं पाणी घातलेलं वहीतून कळलं.

नळीसाठी पाटी लावलीय: आधी बादलीत सोडा, हात घालून बघा, मग झाडाला.

१९ मे

भेंडीवर दोन प्रकार. काही झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या, जाळीसारख्या, भेंडीही पिवळट. हा विषाणू, पांढऱ्या माशीने पसरतो, औषध नाही. उपटायची. लागलेली भेंडी असलेलं झाड उपटायला कोणाचा हात होत नाही, शेवटी मी आणि एक काका सकाळी लवकर जाऊन उपटून आलो, आमच्या नावाने बोंब झाली. बोंब झाली तरी पसरणं मंदावलं. चिकट पिवळे सापळेही लावलेत.

दुसरं लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली नाजूक जाळी. पांढऱ्या कागदावर पान झटकलं की चालणारे ठिपके दिसतात. सकाळी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, रोज, आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून. हे संध्याकाळीच. गवारीवर कोणीतरी सकाळी अकराला मारलं आणि पानांच्या कडा भाजल्या.

२ जून

संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात दुधीचा मांडव आडवा. वेल दाट झाला की मांडव वारा अडवतो, आणि आमचे खांब नुसते सरळ पुरलेले होते. वेल न तोडता उचलायला सहा जण लागले, दोन खांबांमध्ये एक असे हळूहळू. मुख्य खोड एका जागी पिळवटलं होतं तिथे कापडी पट्टी गुंडाळून ओली माती लावलीय, पुढची पानं अजून हिरवी आहेत. आता चारही कोपऱ्यांना तिरपे ताण, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना तारेने. खांब आधीच्या दुप्पट खोल. हे मार्चमध्ये मांडव रिकामा असताना अर्ध्या दिवसाचं काम होतं.

१० जून

पहिला चांगला पाऊस. ड्रिप बंद. रिकामे ठेवलेले ११ वाफे उकरून बघितले, पाल्याखाली माती भुसभुशीत, गांडुळं वर आलेली. ज्यांचे वाफे मार्चमध्ये गेले होते त्या दोघांना फोन केला, एकजण येतो म्हणाला.

पाऊस नियमित झाला की चालू वाफ्यांवरचा पाला पातळ करायचा, नाहीतर गोगलगायी. लॅटरल धुवून, गुंडाळून, तोंडं बांधून खोलीत, उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी. वही भरली, नवीन आणायचीय. टाकीच्या खोलीची दुसरी किल्ली अजून मंगळवारवाल्याकडेच आहे, ती परत घेणे.